शहाण्णव प्लेटांचा ताबा

“हात लावलास का?” मुनीरसाहेबांनी फोनवर विचारलं.

“लावला ना साहेब. चांगला चटका बसला.”

“मग बँकेचा झाला म्हणायचा?”

“बारा वाजून पाच मिनिटांनी झाला. आता गिऱ्हाइकाची सही घ्या, मी किल्ली देऊन निघतो.”

वासुदेव मणेरीकरने अल क्वोझच्या त्या यार्डाचा फोन खाली ठेवला आणि भाजलेला तळवा पँटला पुसला. बाहेर भर उन्हात एक अवाढव्य जनरेटर उभा होता, आणि पुढची पाचसात मिनिटं तो बँकेच्या मालकीचा होता. आणि बँकेच्या वतीने, खरं सांगायचं तर, वासुदेवच्याच.

ही नोकरी लोकांना समजावून सांगताना त्याची दमछाक व्हायची. दुबईतल्या बाकीच्या बँका पैसे देतात आणि व्याज घेतात. त्याची बँक इस्लामी, तिथे व्याजाचं नाव काढायचं नाही. गिऱ्हाइकाला जनरेटर हवा असेल तर बँक आधी तो स्वतः विकत घेणार आणि मग नफा धरून हप्त्यांनी त्याला विकणार. पण जे आपलं नाही ते विकणार कसं? म्हणून माल आधी बँकेच्या ताब्यात आला पाहिजे. मिनिटभर का होईना, त्याचं बरंवाईट बँकेच्या डोक्यावर आलं पाहिजे. हा ताबा घ्यायला एक माणूस लागतो. तो जातो, नग मोजतो, मालाला हात लावतो, पावतीवर वेळ घालतो आणि बँकेला फोन करतो. तो माणूस वासुदेव, मुक्काम करामा, मूळ गाव मणेरी.

अकरा वर्षांत त्याने साडेतीन हजार गाड्या, दोन मच्छीमारी बोटी, एक क्ष-किरणाचं यंत्र आणि एकदा अल ऐनला जाऊन एकवीस उंट ताब्यात घेतले होते. उंटाला हात लावायला तो कचरला, तेव्हा राखणदाराने त्याचं मनगट धरून एकेका मानेवर टेकवलं होतं. स्वतःच्या मालकीचं म्हणाल तर एक टीव्ही, एक फ्रिज आणि कुंदाची शिलाई मशीन. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. उलट रोज संध्याकाळी दार उघडताना कुंदा विचारायची, “काय, आज काय काय घेतलंत?” आणि तो बूट काढता काढता यादी सांगायचा. मग दोघं पोटभर हसायची.

त्या दिवशी मात्र तो देरा भागातल्या शाखेत परतला तर मुनीरसाहेबांचा चेहरा उतरलेला. मुनीरसाहेब शाखेचे कारभारी, मूळचे श्रीवर्धनचे. चारचौघांत इंग्रजी आणि एकटं सापडलं की मराठी, असा त्यांचा खाक्या.

“दार लाव,” ते म्हणाले. “अबुधाबीहून मध्यवर्ती बँकेचा तपासनीस आलाय. सालेम नाव. पोरगेलासा आहे, पण हुशार. लंडनला शिकलाय.”

“येऊ देत की. आपली पावती न् पावती चोख आहे.”

“पावतीचा प्रश्नच नाही रे. प्रश्न आपण कोण आहोत हा आहे. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बसून बड्या लोकांनी जगातल्या बँकांसाठी नियम केले, ते सगळे कर्ज देणाऱ्या बँकांसाठी. माल विकत घेणारी बँक त्यात बसवायची कुठे? सालेम म्हणतो, मला तर हे कर्जच दिसतं, नाव फक्त वेगळं ठेवलंय. त्याने तसं लिहिलं की आपण बाकीच्यांच्या रांगेत.”

“मग बिघडलं काय?”

मुनीरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हेडऑफिस वर्षभर माझ्या मागे लागलंय. दुकानाकडून फॅक्स मागवा, झाला ताबा, माणूस कशाला पाठवता? बँकेचे धर्मशास्त्र बघणारे शेखसाहेब अडून बसलेत म्हणून थांबलंय. सरकारी कागदावर कर्ज असं आलं की हेडऑफिसला आयतं निमित्त. मग ताबा घेणारा माणूस नको.”

वासुदेवने मनातल्या मनात हिशोब केला. ताबा घेणारा माणूस नको म्हणजे नोकरी नको, नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर महिन्याभरात सामान बांधायचं. ऑक्टोबर चालू होता. तनयाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये.

“उद्या सालेम तुझ्याबरोबर येणार आहे, ताबा कसा घेतात ते बघायला,” मुनीरसाहेब म्हणाले. “आणि हे बघ, तुला एकेका ताब्याला चाळीस चाळीस मिनिटं लागतात अशी तक्रार आहे. उद्या जरा चटपट आटप. त्याला वाटायला नको की आम्ही खोळंबा करून ठेवतो.”

“मोजायला नको का साहेब?”

“मोज रे बाबा. पण चटपट मोज.”

संध्याकाळी कुंदाने दार उघडून नेहमीसारखं विचारलं आणि वासुदेवने नेहमीसारखी यादी सांगितली नाही. चहा होईपर्यंत तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ती घाबरली, पण घाबरली की ती भांडी जोरात आपटते एवढंच. डोळ्यांतून पाणी काढणाऱ्यांतली ती नव्हे.

“सावंतवाडीत भर दहावीच्या वर्षात कोण घेणार हो हिला? आणि अभ्यासक्रम वेगळा!”

“आय अ‍ॅम नॉट गोइंग एनीव्हेअर,” आतून तनया म्हणाली. “माय बोर्ड्स आर इन मार्च.”

“अगं, कुणी जायला सांगितलंय तुला? अभ्यास कर,” वासुदेव ओरडला, आणि त्याला स्वतःचाच आवाज खोटा वाटला.

दुसऱ्या दिवशीचा माल होता चिनीमातीच्या प्लेटा. चारशे ऐंशी. गिऱ्हाईक बदरुन्निसाआपा, हर्णैच्या. नवरा गेल्यावर अल मनखूलच्या स्वयंपाकघरातून त्यांनी लग्नांची जेवणं करायला सुरुवात केली, आणि आता कोकणातल्या मुसलमान कुटुंबांत दुबईत कुठेही निकाह असो, बिर्याणी आपांची. इतकी वर्षं भाड्याच्या प्लेटा आणायच्या. आता स्वतःच्या घ्यायच्या होत्या, निळ्या काठाच्या, आणि गुरुवारच्या वलीम्यात, म्हणजे लग्नाच्या मेजवानीत, पहिल्यांदा मांडायच्या होत्या.

देऱ्यात कमरुद्दीनच्या घाऊक दुकानासमोर वासुदेव आणि सालेम पोचले तेव्हा दहा वाजले होते. सालेम पांढऱ्या शुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, तिशीचा, आणि हिंदी अशी फर्डी की कमरुद्दीन बघतच राहिला.

“बचपन में पड़ोसी सब इंडियन थे,” सालेम हसून म्हणाला. “मणेरीकर, आप अपना काम करो. मैं सिर्फ देखूँगा.”

इतक्यात आत दुकानात कमरुद्दीनने सुलेमानी चहा मागवला आणि पाहुण्याला हाताला धरून आत नेऊन बसवलं. बाहेर पिकअप उभी होती. दहा खोकी तिच्यावर आधीच चढवलेली, प्रत्येकात अठ्ठेचाळीस प्लेटा. एरवी वासुदेवने दहाही खोकी खाली उतरवून घेतली असती, उघडली असती, चळत चळत मोजली असती, काठावरून बोट फिरवून टवके पाहिले असते. लागली असती चाळीस मिनिटं. पण डोक्यात मुनीरसाहेबांचं ‘चटपट’ बसलेलं. आत तपासनीस घड्याळ बघत असेल असंही त्याला वाटलं. सालेम बिचारा चहात साखर ढवळत होता. वासुदेव पिकअपवर चढला, दहा खोकी मोजली, दहांवर हात ठेवला आणि पावतीवर झोकात वेळ लिहिली: दहा वाजून वीस. अकरा वर्षांत एवढा जलद ताबा त्याने कधी घेतला नव्हता.

“आपा, झालं माझं,” खाली उडी मारत तो म्हणाला. “बँकेला फोन करतो, मग तुमची सही.”

“पेन काढूनच उभी आहे मी,” आपा म्हणाल्या.

तो फोनकडे वळला, आणि नेमकी तेव्हाच मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला म्हणून पिकअपवाल्याने गाडी झटक्यात जराशी पुढे घेतली. मागच्या फळीची कडी लागलेली नव्हती. वरची दोन खोकी सरकली, काठावर क्षणभर थांबली आणि रस्त्यावर आली. तो आवाज सबंध गल्लीने ऐकला. समोरच्या मसाल्याच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

वासुदेव फोन सोडून परत फिरला. त्याने खोकी उघडली. पाच प्लेटा शाबूत वाटल्या, पण बोट फिरवलं तर त्यांनाही टवके. शहाण्णवच्या शहाण्णव गेल्या.

कमरुद्दीन धावत बाहेर आला. त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा पावतीकडे, आणि आवाज खाली आणला. “मणेरीकरभाई, टाइम बदल दो ना. दस दस लिखो. आपा दस बीस की सही कर देगी, उसके बाद टूटा. खलास.”

“म्हणजे आपांच्या डोक्यावर?”

“तो मेरे सर पे? मेरे दुकान से तो माल निकल गया, आपने ताबा ले लिया!”

बोलला ते अगदी बरोबर होतं, हाच तर सगळा घोळ. माल दुकानाचा राहिला नव्हता आणि आपांचा झाला नव्हता. दहा वीसला स्वतः वासुदेवने तो बँकेचा करून ठेवला होता.

बदरुन्निसाआपांनी त्याला बाजूला ओढलं. त्यांना मुनीरसाहेबांच्या बायकोकडून सगळं कळलेलं. दुबईत कोकणातल्या माणसांच्या पोटात काही राहत नाही. “भाऊ, तुमची नोकरी टांगणीला आहे ना? द्या तो कागद. मी आधीच सही केली होती असं म्हणू. शहाण्णव प्लेटांनी मी काय मरत नाही. सातशे दिरहॅमच्या आतबाहेर, म्हणजे आठ हजार रुपये. दोन लग्नांत काढेन मी.”

“आपा, तुम्ही असं काही बोलू नका.”

“अहो, पोरगी दहावीला आहे ना तुमची?”

वासुदेवच्या हातात पेन होतं. विसाचे दहा करायला एक आकडा गिरवावा लागतो, फार तर. सालेमने पावती अजून पाहिली नव्हती. मागाहून तो कुंदाला म्हणाला की मी एवढासुद्धा डगमगलो नाही, पण ते खोटं. तो चांगला डगमगला. पेनाचं टोपण त्याने काढलंही होतं.

तेवढ्यात सालेम दारात आला, हातात चहाचा ग्लास तसाच. त्याने रस्त्यावरचा निळा-पांढरा चुरा पाहिला आणि विचारलं, “किसका टूटा?”

कमरुद्दीन दुकानाच्या पाटीकडे बघायला लागला. आपा वासुदेवकडे. पिकअपवाला पार गाडीखाली जायच्या बेतात.

“बँक का, सर,” वासुदेव म्हणाला, आणि पावती पुढे केली. “दस बीस को मैंने लिया. आपा ने अभी साइन नहीं किया. बीच में टूटा.”

“नुकसान कौन भरेगा?”

“बँक.”

“मॅडम कुछ नहीं देंगी?”

“उनका अभी कुछ है ही नहीं, सर. उनको चार सौ अस्सी चाहिए, बँक को छियानवे और खरीदना पड़ेगा. फिर बेचेंगे.” एवढं बोलून झालं आणि मग त्याला राहवेना. “गलती मेरी है. खोके नीचे उतारके गिनना था. जल्दी की मैंने. आपको दिखाने के लिए.”

सालेमने ग्लास कमरुद्दीनच्या हातात दिला, कंदुरा सावरून खाली बसला आणि एक तुकडा उचलून निरखत राहिला. “मैं आठ साल से बँकों के लोन देखता हूँ,” तो हळूच म्हणाला. “डूबते बहुत देखे. टूटते आज तक नहीं देखा.” मग त्याने खिशातून कागदी रुमाल काढला, तुकडा त्यात गुंडाळला आणि खिशात टाकला. त्या तुकड्याचं तो काय करणार, याची वासुदेवला भीती वाटली.

चुरा टाकून देता येईना, कारण तोही बँकेच्याच मालकीचा. वासुदेवने कमरुद्दीनकडून दोन गोणपाटं घेतली, आपा वाकून तुकडे वेचू लागल्या, आणि बघता बघता मध्यवर्ती बँकेचा तपासनीसही बाह्या वर करून बसला. पिकअपवाल्याने झाडू आणला. टॅक्सीवाल्याने डिकीत गोण्या ठेवताना विचारलं, “इसमें क्या है?” तेव्हा सालेम गंभीरपणे म्हणाला, “बँक का माल है, संभाल के.”

मुनीरसाहेबांनी टेबलाशेजारच्या गोण्या पाहिल्या आणि सालेम जाईपर्यंत दम धरला. मग दार लावून अस्सल श्रीवर्धनी मराठीत त्यांनी वासुदेवची हजेरी घेतली. “अरे, गाडीवर चढलेल्या मालाचा कधी कुणी ताबा घेतो? जमिनीवर उतरव, मोज, मग घे! अकरा वर्षं काय गवत उपटलंस?”

“तुम्हीच म्हणालात चटपट.”

“मी म्हणालो म्हणून? उद्या मी म्हणेन खाडीत उडी मार!” थोडं शांत झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “वेळ बदलायला सांगत होते ना तुला? आपांचा फोन आला होता.”

“हो.”

“मग?”

“नाही बदलली.”

मुनीरसाहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. “बरं केलंस,” ते म्हणाले. “पण आता जे होईल ते बघायचं. माझ्या हातात काही नाही.”

बँकेने शहाण्णव प्लेटा नव्याने विकत घेतल्या, आणि या खेपेला वासुदेवने पंचेचाळीस मिनिटं लावली. गुरुवारी वलीम्याला आपांच्या चारशे ऐंशी निळ्या काठाच्या प्लेटा मांडल्या गेल्या. आपांनी मणेरीकरांनाही आग्रहाने बोलावलं, त्यांच्यासाठी वेगळं शाकाहारी ताट केलं, आणि कुंदाने टवका तर नाही ना म्हणून सगळ्यांदेखत प्लेट उलटी करून तळ पाहिला, तेव्हा वासुदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण पुढचे तीन आठवडे वाईट गेले. सालेम अबुधाबीला परतला होता. हेडऑफिसकडून काही कळत नव्हतं. कुंदा एका बाजूने म्हणायची, “होईल हो सगळं नीट,” आणि दुसऱ्या बाजूने मीना बाजारातल्या दुकानदारांना मोठ्या बॅगांचे भाव विचारायची, दिरहॅममध्ये ऐकायची, रुपयांत करायची आणि हबकून परत यायची. तनयाने भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलं होतं. वासुदेव त्या भिंतीकडे बघायचं टाळायचा. त्या मुलीला इथून उपटून न्यावं लागलं तर ती आयुष्यभर आपल्याला काही बोलणार नाही, आणि तेच जास्त लागेल, असं त्याच्या मनात रोज यायचं.

एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटता सुटता मुनीरसाहेबांनी त्याला एक बंद पाकीट दिलं. त्यावर हेडऑफिसचा शिक्का.

“काय आहे साहेब?”

“घरी जाऊन वाच. माझ्यासमोर नको.” आणि साहेबांनी चेहरा फायलीत घातला.

वासुदेव करामापर्यंत चालत आला. पाकीट वरच्या खिशात, छातीला टोचत होतं. घरी येऊन त्याने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसला. कुंदा ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आज काय घेतलं हे तिने विचारलं नाही.

“तनया, बाळा, तूच वाच,” तो म्हणाला. “तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

तनयाने पाकीट फाडलं. दोन ओळी मनात वाचल्या आणि तिचा चेहरा पडला. “पपा, इट्स अ वॉर्निंग लेटर.”

“वाच.”

ती वाचू लागली. अमुक तारखेला श्री. मणेरीकर यांनी वाहनावरील मालाचा, तो न उघडता व न मोजता, ताबा घेतला. त्यामुळे बँकेच्या मालकीच्या शहाण्णव प्लेटा फुटल्या. ही गंभीर हयगय असून तिची नोंद त्यांच्या फायलीत करण्यात येत आहे. कुंदाने तोंडाला पदर लावला. वासुदेव मान खाली घालून ऐकत होता.

“देअर्स मोअर,” तनया म्हणाली आणि उरलेलं एका दमात वाचलं. मध्यवर्ती बँकेच्या तपासनिसांच्या अहवालानुसार, ताब्यातला माल हा बँकेचा स्वतःचा माल असून तो कर्जांत धरू नये. सबब फॅक्सवर ताबा घेण्याची सूचना मागे घेण्यात येत आहे. “‘इन फ्युचर, मिस्टर मणेरीकर शॅल टेक पझेशन ओन्ली आफ्टर अनलोडिंग अँड काउंटिंग, अँड शॅल नॉट ट्राय टू सेव्ह टाइम.’” तिने कागद खाली ठेवला. “सॉरी, पपा. दे आर सो मीन.”

वासुदेवने कागद परत तिच्याकडे सरकवला. मग त्याने मान वर केली. “परत वाच.”

“व्हॉट? द स्कोल्डिंग?”

“नाही, शेवटची ओळ. तिचे पहिले शब्द.”

“इन फ्युचर?”

कुंदा तशीच, ओल्या हातांनी, दारातच खाली बसली.

“हां, तेच,” वासुदेव म्हणाला. “जरा मोठ्याने वाच. तुझ्या आईला ऐकू जाऊ दे.”